नळाचे पाणी आणि स्नायूचे कोडे

अकरावी-बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात स्नायूंच्या आकुंचनावर एखादे पान असते. त्यात साधारण असे लिहिलेले असते : चेतातंतूकडून संदेश आला की स्नायूपेशीत कॅल्शियमचे आयन मोकळे होतात, ते ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनाला चिकटतात, मग मायोसिनचे शीर्ष ॲक्टिनच्या तंतूला पकडते आणि तंतू एकमेकांवरून सरकतात. विद्यार्थी ही चार वाक्ये पाठ करतात, आकृती काढतात आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतात.

ही चार वाक्ये जुळायला ८० वर्षांहून अधिक काळ लागला. १८८२ मध्ये लंडनमध्ये एका डॉक्टरने बेडकाच्या हृदयावर प्रयोग केले आणि १९६५ मध्ये तोक्योत शेवटचा मोठा दुवा हाती आला. मधल्या काळात हुशार माणसे योग्य उत्तराच्या अगदी जवळ येऊन परत फिरली, काही उत्तरे सापडून पुन्हा विसरली गेली. या इतिहासात एक गोष्ट वारंवार दिसते. प्रयोगात नको असलेले, चुकून शिरलेले असे काहीतरी असते, आणि नेमके तेच उत्तर निघते. प्रयोगवहीत 'अपेक्षित निरीक्षण' लिहिण्याची सवय लागलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना ही हकिगत सांगण्यासारखी आहे, म्हणून हा लेख.

रिंगर यांचे मीठपाणी

सिडनी रिंगर हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधले डॉक्टर. रुग्ण तपासण्याच्या व्यापातून वेळ काढून ते प्रयोगशाळेत काम करीत. बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढले तरी योग्य द्रावात ठेवल्यास बराच वेळ धडधडत राहते. हा 'योग्य द्राव' म्हणजे नेमका कोणता, हे त्यांना शोधायचे होते. १८८२ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. साध्या मीठपाण्यात काही क्षार अल्प प्रमाणात मिसळले की हृदय चांगले चालते, असे त्यांचे म्हणणे होते.

यानंतर त्यांच्या लक्षात आले की, आपण वापरलेले मीठपाणी ऊर्ध्वपातित पाण्यात केलेलेच नव्हते. ते नळाच्या पाण्यात केले होते. हे पाणी न्यू रिव्हर वॉटर कंपनी पुरवीत असे. या कंपनीचा कालवा हर्टफर्डशरमधल्या झऱ्यांपासून निघे. तिथल्या जमिनीत खडूचा दगड, म्हणजेच कॅल्शियम कार्बोनेट भरपूर. साहजिकच पाण्यात चुना उतरलेला असे.

रिंगर यांनी सगळे प्रयोग ऊर्ध्वपातित पाणी घेऊन पुन्हा केले. आता हृदयाचे ठोके क्षीण होत जाऊन थांबले. त्यात चुन्याचा क्षार अगदी थोडा घातला की ठोके पुन्हा सुरू. १८८३ च्या लेखात त्यांनी हे सर्व मोकळेपणाने मांडले : आधीच्या लेखातले परिणाम शुद्ध मीठपाण्याचे नव्हते, त्या पाण्यातल्या कॅल्शियमचा त्यांत वाटा होता.

आजही रुग्णालयात टांगलेल्या बाटलीवर 'रिंगर लॅक्टेट' असे लिहिलेले आपण वाचतो. लॅक्टेटची भर १९३० च्या दशकात अमेरिकी बालरोगतज्ज्ञ ॲलेक्सिस हार्टमन यांनी घातली. त्या बाटलीतल्या कॅल्शियमची हकिगत मात्र लंडनच्या नळाशी जाऊन पोहोचते.

मग स्नायू आकुंचन पावतो तो कॅल्शियममुळे, हे १८८३ मध्येच का ठरले नाही? याचे कारण प्रयोगातच आहे. बेडकाच्या पायाचा स्नायू कॅल्शियम नसलेल्या द्रावात ठेवला तर तो बराच वेळ व्यवस्थित आकुंचन पावत राहतो. म्हणजे हृदयाला बाहेरून कॅल्शियम लागते, पायाला लागत नाही. तेव्हा कॅल्शियम ही हृदयापुरती किंवा पेशीच्या पृष्ठभागापुरती बाब असावी, असा समज होणे स्वाभाविक होते. पायाच्या स्नायूने आपला कॅल्शियमचा साठा आतच ठेवलेला असतो, हे कळायला अजून ७० वर्षे होती.

रात्रभर राहिलेला द्राव

दुसरा धागा प्रथिनांचा. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्हेल्म क्यूने यांनी बेडकाच्या स्नायूंतून तीव्र मीठपाण्याच्या साहाय्याने एक घट्टसर प्रथिन काढले आणि १८६४ मध्ये त्याला 'मायोसिन' हे नाव दिले. पुढची ७५ वर्षे मायोसिन म्हणजे स्नायू ज्याचा बनला आहे ते द्रव्य, अशीच कल्पना होती. घर विटांचे असते, तसा स्नायू मायोसिनचा.

ऊर्जेचे द्रव्य १९२९ मध्ये सापडले. जर्मनीत कार्ल लोमान आणि अमेरिकेत हार्वर्डमध्ये सायरस फिस्क व यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे स्नायूंतून एटीपी वेगळे केले. आंध्रातल्या भीमवरमला जन्मलेले आणि मद्रासला वैद्यक शिकलेले सुब्बाराव यांचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत एटीपीच्या पानावर क्वचितच दिसते. शिक्षकांनी ते आवर्जून सांगावे. त्याआधी, १९२७ मध्ये, याच दोघांनी स्नायूतले फॉस्फोक्रिएटिन हे द्रव्यही शोधले होते.

एटीपीचे विघटन करणारे विकर स्नायूत कुठे असते? १९३९ मध्ये मॉस्कोत व्लादिमिर एंगेलहार्ट आणि त्यांच्या पत्नी मिलित्सा ल्युबिमोवा यांनी हे विकर मायोसिनपासून वेगळे काढण्याचा प्रयत्न केला. ते वेगळे होईना. अखेर त्यांनी मांडले की मायोसिन हेच ते विकर आहे. ज्याला आपण वीट समजत होतो तेच यंत्र निघाले.

हे वाचून हंगेरीतल्या सेगेद गावी अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी आपल्या प्रयोगशाळेचे काम स्नायूंकडे वळवले. त्यांना १९३७ चे नोबेल पारितोषिक मिळालेले होते. त्यात क जीवनसत्त्वावरच्या कामाचा मोठा वाटा होता. त्यांच्या सहकारी इलोना बांगा स्नायू दळून मीठपाण्यात भिजवीत आणि मायोसिन काढीत. वीस मिनिटांत गाळलेला द्राव पातळ असे. एकदा दळलेला स्नायू रात्रभर तसाच राहिला. सकाळी द्राव चांगलाच दाट आणि चिकट झाला होता. त्यात एटीपी घातले की तो पुन्हा पातळ होई.

हा द्राव 'बिघडला' म्हणून मोरीत ओतून देणे सोपे होते. त्यांनी तो ठेवला आणि दाटपणाचे कारण शोधायला घेतले. रात्रभरात मायोसिनबरोबर दुसरे एक प्रथिन बाहेर आले होते. तरुण सहकारी ब्रुनो श्ट्राउब यांनी ते १९४२ मध्ये वेगळे केले. त्याचे नाव ॲक्टिन. या दोन प्रथिनांच्या मिश्रणाचा धागा काढून तो स्नायूंच्या उकळलेल्या अर्कात टाकला, तेव्हा तो डोळ्यांदेखत आखडला. अर्कातले कार्यकारी द्रव्य म्हणजे एटीपी, त्याच्या जोडीला काही आयन. जिवंत पेशीबाहेर, काचेच्या बशीत, दोन प्रथिने आणि काही क्षार एवढ्या सामग्रीतून हालचाल निर्माण झाली होती. आपल्या संशोधनाच्या आयुष्यातला हा सर्वांत रोमांचक क्षण, असे सेंट-ग्यॉर्गी पुढे सांगत.

हे सारे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले. सेगेदच्या संस्थेने आपले लेख स्वतःच छापले. बाहेरच्या जगात ते युद्ध संपेपर्यंत फारसे कुणाला मिळाले नाहीत. सेंट-ग्यॉर्गी स्वतः नाझींच्या विरोधात उतरल्यामुळे त्यांना युद्धाच्या अखेरीस लपून राहावे लागले. १९४७ मध्ये ते अमेरिकेत वुड्स होल येथे गेले.

आखडणे की सरकणे?

आता प्रथिने दोन झाली. पण ती आखडतात कशी? बहुतेकांना वाटे की, लांब रेणू रबरासारखा गुंडाळला जात असावा. १९५४ च्या मे महिन्यात 'नेचर' साप्ताहिकाच्या एकाच अंकात दोन लेख लागोपाठ आले. एक अँड्र्यू हक्सले आणि रोल्फ नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सले आणि जीन हॅन्सन यांचा. दोन्ही हक्सले एकमेकांचे नातेवाईक नव्हेत. दोन्ही जोड्यांनी वेगवेगळ्या सूक्ष्मदर्शकांनी तेच पाहिले होते.

स्नायूतंतूवर आडवे गडद आणि फिके पट्टे असतात. आकुंचनात फिके पट्टे अरुंद होतात. गडद पट्ट्यांची रुंदी बदलत नाही. रेणू आखडत असते तर गडद पट्टाही आखडला असता. तेव्हा अर्थ असा की, जाड तंतू आणि बारीक तंतू आपापली लांबी कायम ठेवून एकमेकांत सरकतात. टेबलाचा खण आत सरकतो तेव्हा खणही आखूड होत नाही आणि टेबलही, तसेच हे. जाड तंतू मायोसिनचे, हे हॅन्सन आणि ह्यू हक्सले यांनी ताडले होते, कारण तीव्र मीठपाण्याने मायोसिन धुऊन काढले की गडद पट्ट्यांचा गडदपणा नाहीसा होई. क्यूने यांनी नव्वद वर्षांपूर्वी वापरलेले तंत्र इथे पुन्हा उपयोगी पडले.

यातली चुटपुट लावणारी बाब पुढे अँड्र्यू हक्सले यांनीच लिहून ठेवली आहे. गडद पट्ट्याची रुंदी आकुंचनात बदलत नाही, हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही सूक्ष्मदर्शक-निरीक्षकांनी नोंदवले होते. पुढच्या पिढीत रसायनशास्त्राचा जोर वाढला, सूक्ष्मदर्शकातल्या नोंदी जुनाट वाटू लागल्या, आणि ही नोंद विस्मरणात गेली. ज्ञान एकदा मिळाले की ते कायमचे राहते असे आपण गृहीत धरतो. पण कुणी तरी ते वाचत, शिकवत, पडताळत राहिले तरच ते राहते.

हिल यांचे गणित

सरकणे समजले, तरी ते सुरू कोण करते हा प्रश्न उरलाच. अमेरिकेत लुईस हाइलब्रन हे कितीतरी वर्षे एकच गोष्ट सांगत होते : पेशीच्या हालचालीमागे कॅल्शियम आहे. १९४७ मध्ये त्यांनी आणि फ्लॉइड विएर्चिन्स्की यांनी स्नायूतंतूंत वेगवेगळे क्षार सूक्ष्म सुईने टोचून पाहिले. सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांनी काही झाले नाही. कॅल्शियमने तंतू लगेच आखडला. जपानमध्ये ताकेओ कामादा आणि हारुओ किनोसिता यांनी १९४३ मध्येच असा प्रयोग केला होता, पण युद्धामुळे तोही दुर्लक्षित राहिला.

याला विरोध झाला तो बळकट होता. ब्रिटनचे आर्चिबाल्ड हिल हे स्नायूंच्या उष्णतेवरील कामासाठी १९२२ चे नोबेल मिळवलेले शास्त्रज्ञ. त्यांनी १९४८-४९ च्या सुमारास गणित मांडले : उद्दीपन मिळाल्यावर स्नायू ज्या वेगाने पूर्ण कार्यरत होतो, तेवढ्या वेळात कोणताही पदार्थ तंतूच्या पृष्ठभागापासून मध्यापर्यंत विसरणाने पोहोचूच शकत नाही.

हे गणित आपण ढोबळपणे फळ्यावर करू शकतो. विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. लहान आयनाला पेशीद्रवात १ मायक्रोमीटर जायला साधारण अर्धा सहस्रांश सेकंद लागतो असे धरू. बेडकाच्या स्नायूतंतूचा व्यास सुमारे १०० मायक्रोमीटर, म्हणजे मध्य पृष्ठभागापासून ५० मायक्रोमीटर दूर. अंतर ५० पट, वेळ २५०० पट. म्हणजे सव्वा सेकंद. स्नायू तर सेकंदाच्या काही शतांश भागातच कामाला लागतो. गणित बिनचूक आहे. कॅल्शियमचा पक्ष त्यामुळे अनेकांना हरल्यासारखा वाटला.

गणितातले गृहीतक तेवढे चुकीचे होते. कॅल्शियम बाहेरून आत यावे लागते, असे त्यात धरलेले होते. १९५५ ते १९५८ या काळात अँड्र्यू हक्सले आणि रॉबर्ट टेलर यांनी अतिशय बारीक काचनळीने स्नायूतंतूच्या पृष्ठभागावर ठिकठिकाणी सूक्ष्म विद्युत उद्दीपन दिले. सगळीकडे परिणाम झाला नाही. पट्ट्यांच्या रचनेतल्या ठरावीक जागीच उद्दीपन लागू पडे आणि तेथून आकुंचन आत शिरे. याचा अर्थ, पृष्ठभागावरून आत जाणारे काही मार्ग आहेत. त्याच दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ते मार्ग दाखवले : पृष्ठपटलापासून आत जाणाऱ्या नळ्या आणि त्यांना लागून प्रत्येक तंतूच्या जुडग्याभोवती विणलेली पिशव्यांची जाळी. संदेश नळीतून विजेच्या रूपाने जातो. कॅल्शियम शेजारच्या पिशवीतून सुटते आणि त्याला जेमतेम एक मायक्रोमीटर चालायचे असते.

हीच जाळी इटलीतल्या पाव्हिया येथे एमिलिओ वेराती यांनी १९०२ मध्ये साध्या सूक्ष्मदर्शकाने पाहून सुबक चित्रांसह प्रसिद्ध केली होती. ती पेशीला काय कामाची, हे कुणालाच सुचले नाही, म्हणून ती अर्धशतक विसरली गेली. त्या लेखाचे इंग्रजी भाषांतर १९६१ मध्ये झाले.

जास्त शुद्ध केले म्हणून हरवले

आता एबाशी यांच्याकडे येऊ. १९५१ मध्ये मार्श यांच्या लक्षात आले होते की, दळलेल्या स्नायूच्या रसात आकुंचन रोखणारे, म्हणजे स्नायू सैल करणारे काहीतरी असते. तोक्योचे सेत्सुरो एबाशी आणि जर्मनीतले विल्हेल्म हासेलबाख यांनी १९६० च्या सुमारास दाखवले की, हे 'काहीतरी' म्हणजे त्या जाळीचेच तुटलेले बुडबुडे आहेत. एटीपी खर्चून ते भोवतालचे कॅल्शियम आत ओढून घेतात. कॅल्शियम गेले की स्नायू सैल पडतो.

पण मात्रा किती? जिवंत प्राण्याच्या रक्तात मोकळे कॅल्शियम लिटरला ५० मिलिग्रॅमच्या आसपास असते. विश्रांतीतल्या स्नायूपेशीत ते लिटरला सुमारे ०.००४ मिलिग्रॅम, म्हणजे दहा हजार पटींनी कमी! आकुंचनासाठी ते दहा ते शंभर पट वाढले की पुरे. प्रयोगशाळेच्या साध्या ऊर्ध्वपातित पाण्यात, काचेच्या भांड्यात, रसायनांच्या बाटल्यांत एवढे कॅल्शियम नकळत असतेच. त्यामुळे 'आम्ही कॅल्शियम घातले नाही, तरी प्रथिने आकुंचन पावली' असे प्रयोग होत राहिले आणि ते प्रामाणिकच होते. रिंगर यांची अडचण नव्या रूपात परत आली होती. ॲनमरी वेबर यांनी आणि एबाशी यांनी कॅल्शियम पकडून ठेवणारी रसायने वापरून ही अडचण दूर केली आणि अत्यल्प कॅल्शियमवर प्रथिनांची क्रिया अवलंबून असते हे सिद्ध केले.

तरीही एक आक्षेप उरला. ॲक्टिन आणि मायोसिन अत्यंत शुद्ध करून एकत्र केले की कॅल्शियमची गरजच उरत नसे. एटीपी मिळताच ती कामाला लागत. कमी शुद्ध केलेली, स्नायूतून थेट काढलेली प्रथिने मात्र कॅल्शियमला प्रतिसाद देत. रसायनशास्त्राच्या शिस्तीप्रमाणे शुद्ध पदार्थाची साक्ष मोठी. तेव्हा कॅल्शियमचा परिणाम हा अशुद्धीचा खेळ आहे, असे म्हणणाऱ्यांचे पारडे जड होते.

एबाशी यांनी हा युक्तिवाद उलटा वाचला. परिणाम अशुद्धीमुळे होत असेल, तर ती अशुद्धी कोणती ते पाहू. १९६३ मध्ये त्यांनी दाखवले की, शुद्धीकरणात फेकून दिल्या जाणाऱ्या भागात ट्रोपोमायोसिनसारखे काहीतरी आहे आणि ते परत घातले की कॅल्शियमची गरजही परत येते. ट्रोपोमायोसिन केनेथ बेली यांनी १९४६ मध्येच शोधले होते, पण त्याचे काम कुणाला ठाऊक नव्हते. १९६५ मध्ये एबाशी आणि अयाको कोदामा यांनी त्या मिश्रणातून नवे प्रथिन वेगळे केले. हेच ट्रोपोनिन. कॅल्शियम चिकटते ते यालाच.

आज हृदयविकाराच्या झटक्याची शंका आली की रक्तातले ट्रोपोनिन तपासतात. हृदयाच्या पेशी फुटल्या की ते रक्तात उतरते. एके काळी गाळ म्हणून टाकून दिलेले हे प्रथिन आता माणसाचा जीव वाचवायला साक्ष देते.

यंत्रणेचे चित्र पुढच्या दहा वर्षांत स्पष्ट झाले. ॲक्टिनचा बारीक तंतू म्हणजे मण्यांची दुपदरी पिळलेली माळ. तिच्या खाचेजवळून ट्रोपोमायोसिनची दोरी जाते आणि दर सात मण्यांमागे एक ट्रोपोनिन बसलेले असते. कॅल्शियम नसताना ती दोरी मायोसिनची जागा अडवून धरते. कॅल्शियम चिकटले की दोरी थोडी बाजूला सरकते आणि चालक प्रथिनाला, म्हणजे मायोसिनला, तंतू पकडता येतो.

बेसिनमधला उजेड

एवढे होऊनही जिवंत स्नायूत कॅल्शियम सुटताना कुणी पाहिले नव्हते. ती सोय एका जेलीफिशने केली. १९६१ च्या उन्हाळ्यात ओसामु शिमोमुरा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील फ्रायडे हार्बर येथे जेलीफिशमधले प्रकाश देणारे द्रव्य काढण्याच्या खटपटीत होते. एका प्रयोगानंतर उरलेला अर्क त्यांनी बेसिनमध्ये ओतला आणि बेसिन निळ्या उजेडाने झगमगले. त्या बेसिनमध्ये मत्स्यटाकीचे समुद्रपाणी येऊन पडत होते. समुद्रपाण्यातले कॅल्शियम त्या द्रव्याला पेटवीत होते. हे प्रथिन म्हणजे इक्वोरिन. (याच जेलीफिशमधल्या हिरव्या प्रथिनासाठी शिमोमुरा यांना पुढे २००८ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.)

१९६७ मध्ये एलिस रिजवे आणि ख्रिस्तोफर ॲशली यांनी इक्वोरिन बार्नॅकल या खडकाला चिकटून राहणाऱ्या कवचधारी प्राण्याच्या जाडजूड स्नायूतंतूत टोचले. उद्दीपन देताच आधी प्रकाशाची लाट उमटली, मग ताण वाढला. कारण आधी, कार्य नंतर, हे डोळ्यांनी दिसले.

स्नायूंपलीकडे

ॲक्टिन आणि मायोसिन ही स्नायूंचीच मालमत्ता नाही, हे यथावकाश कळले. जवळपास प्रत्येक केंद्रकयुक्त पेशीत ॲक्टिनच्या तंतूंचा सांगाडा असतो. १९८३ मध्ये मायकेल शीट्झ आणि जेम्स स्पुडिच यांनी मायोसिन लावलेले सूक्ष्म मणी निटेला या गोड्या पाण्यातल्या शेवाळाच्या पेशीतील ॲक्टिनच्या दोरांवरून चालताना पाहिले. प्राण्याचे प्रथिन वनस्पतीच्या रुळांवरून चालले!

हा रूळ किती ताठ असतो, हेही मोजले गेले. १९९३ मध्ये फ्रेडरिक गिट्स, जोनाथन हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी द्रवात थरथरणाऱ्या एकेका तंतूची वाकणे टिपली. ॲक्टिनचा तंतू सुमारे १७ मायक्रोमीटरपर्यंत आपली दिशा राखतो. त्याची जाडी ८ नॅनोमीटर धरली, तर हे अंतर जाडीच्या दोन हजार पट झाले. करंगळीहून जरा बारीक, ८ मिलिमीटर जाडीची दोरी १७ मीटरपर्यंत सरळ राहावी, तसे. पेशीतल्या सूक्ष्मनलिका याहून कितीतरी ताठ; त्यांच्यासाठी हे अंतर ५ मिलिमीटरच्या घरात निघाले.

स्नायूबाहेर कॅल्शियम वेगळ्याच रीतीने काम करते. १९७९ मध्ये हेलन यिन आणि थॉमस स्टॉसेल यांनी भक्षक पेशींत जेल्सोलिन हे प्रथिन शोधले. कॅल्शियम मिळाले की ते ॲक्टिनचे तंतू तोडते. लांब शेवयांचा गुंता चमच्याने उचलला तर सगळाच वर येतो; त्याच शेवया बारीक केल्या की चमच्यातून निसटतात. तसेच इथे घट्ट जेलीसारखे पेशीद्रव पातळ होते आणि पेशीला आकार बदलता येतो. एकच आयन, एका पेशीत तो तंतू चालकासाठी खुला करतो, दुसऱ्या पेशीत तंतूच कापायला लावतो.

चालक प्रथिनेही जाळ्याचा ताठपणा बदलतात. २००२ मध्ये जोसेफ केस यांच्या गटाने दाखवले की, तंतू एकमेकांना बांधलेले नसतील तर मायोसिन त्यांना सरकवून गुंता सैल करते. २००७ मध्ये मिझुनो आणि सहकाऱ्यांनी उलट बाजू दाखवली : तंतू एकमेकांना बांधलेले असतील तर मायोसिनच्या ओढीने जाळे जवळजवळ शंभर पट ताठ होते. बाजेची सैल सुंभे ओढून बांधली की तिच्यावर झोपता येते. सुंभ तेच, ताण नवा. पेशीचा ताठपणा पदार्थावर जितका अवलंबून, तितकाच त्यातल्या ओढीवर.

वर्गात काय करावे?

यातले काही वर्गात दाखवता येते. आपल्याकडच्या तळ्यांत हायड्रिला सहज मिळते. तिचे कोवळे पान पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर हरितकण पेशीच्या कडेने फिरताना दिसतात. कारा हे शेवाळ मिळाले तर आणखी चांगले; पेशीद्रवाचे हे वाहणे इटलीतील बोनाव्हेंतुरा कोर्ती यांनी १७७४ मध्ये अशाच पाणवनस्पतींत प्रथम पाहिले. मागचा चालक मायोसिन, रूळ ॲक्टिनचा. काराच्या पेशीला उद्दीपित केले की आत कॅल्शियम वाढते आणि प्रवाह थबकतो. स्नायूत जे चालना देते ते इथे थांबवते. असे का, यावर विद्यार्थ्यांना विचार करू द्यावा.

दुसरी गोष्ट प्रयोगवहीची. एखाद्या गटाचे निरीक्षण पुस्तकाशी जुळत नाही तेव्हा बहुतेक ठिकाणी ते खोडून 'बरोबर' निरीक्षण लिहिले जाते. आम्ही सुचवतो की, वहीत एक रकाना वाढवावा : 'काय वापरले, आणि ते कुठून आणले'. पाणी नळाचे की विहिरीचे, द्राव आजचा की कालचा, भांडे कशाने धुतले. न जुळणारे निरीक्षण तसेच राहू द्यावे आणि हा रकाना वाचून कारण शोधावे. शंभरातली नव्याण्णव कारणे किरकोळ निघतील : बुरसटलेले रसायन, न धुतलेली परीक्षानळी. तीही शोधण्यात विद्यार्थी रसायनशास्त्र शिकतीलच. आणि पाणी कुठले ते लिहिलेले नसेल, तर शंभरावे कारण शोधायला जागाच उरणार नाही.